उंदीर पडू लागले तेव्हापासून

मुंबईत उंदरांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णांना गाठीचा प्लेग असल्याचं निदान केलं आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागलं. घरात उंदीर मरून पडले की बिऱ्हाड हलवायचं, हे लोक अनुभवानं शिकले. सरकारी यंत्रणा मात्र घाणीच्या आणि कोंदट हवेच्याच मागे होती. गटारं धुतली गेली, उजेड यावा म्हणून घरांची कौलं उतरवली गेली, गोरगरिबांचं सामान जाळलं गेलं. हाल झाले ते झालेच, आणि साथही हटली नाही.

जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पण रोग माणसात शिरतो कुठून, हा प्रश्न उरलाच. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

खात्री पटली ती परळला. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) १९०५ पासून प्लेग कमिशनचं काम सुरू झालं. डॉक्टर ग्लेन लिस्टन त्यात होते. त्यांचे प्रयोग आजही वाचावेत इतके स्वच्छ आहेत. पिसवा असलेल्या खोलीत काही गिनीपिग जमिनीवर मोकळे सोडले, काही जमिनीपासून दोन इंचांवर पिंजऱ्यात ठेवले आणि काही दोन फुटांवर टांगले. हवा सगळ्यांना एकच. खालच्या दोन्ही ठिकाणी प्लेग पोचला, दोन फुटांवरचे वाचले. पिसू उडी मारते ती जेमतेम चार इंच! काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरला होता. पिसवा त्यावरच अडकल्या आणि आतले प्राणी सुखरूप राहिले. कोंदट हवेचा सिद्धान्त तिथे संपला.

तितकंच मोलाचं काम होतं उंदरांच्या जाती वेगळ्या करण्याचं. साथ आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत पसरे, मग चाळीच्या छपरात आणि माळ्यावर राहणाऱ्या काळ्या घरउंदरांत, आणि त्यानंतर साधारण दहा-चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे मेलेला उंदीर हाती लागणं ही आगाऊ सूचनाच होती. नुसते ‘उंदीर’ म्हणून मोजले असते तर हे कधीच कळलं नसतं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांचं नाव उंदरांच्या एका वंशाला (genus) मिळालं: मिलार्डिया. आपल्या सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर याच वंशातला. त्याची शास्त्रीय नोंद व्हायला मात्र १९७५ उजाडलं.

मुंबईतून प्लेग गेला, उंदीर राहिले. पुढे शहरातली बरीच जागा घुशींनी व्यापली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाठोपाठ लेप्टोची साथ आली. या रोगाचे जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. महापालिकेची माणसं रात्र रात्र जागून उंदीर मारतात. ते काम कष्टाचं आहे आणि गरजेचंही. पण मारलेल्या प्रत्येक उंदराची जात कोणती, तो कुठे सापडला आणि त्याच्या मूत्रपिंडात लेप्टोचे जंतू होते का, हेही वॉर्डावार लिहिलं गेलं पाहिजे. परळला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच उंदरांची अशी नोंद ठेवली जात होती.