बनावट तांत्रिक साहाय्य (पॉप-अप फसवणूक)

बनावट तांत्रिक साहाय्य : संगणकाच्या पडद्यावर खोटा इशारा झळकवून त्यातल्या क्रमांकावर माणसाला स्वतःहून फोन करायला लावणारी फसवणूक. मराठीत तिला रूढ संज्ञा नाही. बेळगावकडे 'व्हायरसचं पान आलं' म्हटले की भागते.

उगमाबद्दल दोन मते संभवतात. एक धागा खोट्या अँटिव्हायरसकडे जातो. 'विनफिक्सर'सारखी सॉफ्टवेअरे, साधारणतः २००५ च्या सुमारापासून, नसलेले दोष दाखवून पैसे उकळीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये त्यामागच्या मंडळींना न्यायालयात खेचले. दुसरा धागा 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' अशा फोनांचा. तेही २००८ च्या आसपासचेच मानले जातात. त्यांच्याविरुद्ध याच आयोगाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा खटले जाहीर केले. दुसरा धागा अधिक पक्का वाटतो, कारण पडद्यावरचे चित्र बदलत गेले तरी फोनवरचे नाटक फारसे बदलले नाही. पूर्वी ठक फोन लावीत, आता सावज लावते, एवढेच.

या नाटकातला एक प्रवेश नोंदवण्याजोगा आहे. ठक 'एसॉक' (assoc) ही आज्ञा टाइप करायला सांगतो. कोणत्या प्रकारची फाइल कशात उघडते, याची यादी तिने पडद्यावर येते. यादीच्या शेवटी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो. तोच क्रमांक ठक आधीपासून कागदावर धरून वाचून दाखवतो आणि 'हा तुमच्याच मशीनचा परवाना' म्हणतो. ऐकणारा गार पडतो. प्रत्यक्षात तो क्रमांक झिप फोल्डरसंबंधीचा असून सगळ्या विंडोज संगणकांवर सारखाच असतो. 'इव्हेंट व्ह्यूअर'मधल्या, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतल्या, लाल खुणांचेही तसेच. धडधाकट संगणकातही त्या असतात. मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर हे दुरून संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले जाते. खरा धोका इथून.

पॉप-अपचे पान स्वतः सहसा काहीच बिघडवत नाही. ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो, कर्सर लपतो, म्हणून संगणक अडकल्यासारखा भासतो. ओळखायची खूण एकच पुरे : मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी. नाही सुटले तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना 'आधीची पाने परत आणू का' विचारले, तर नको म्हणावे. कोपऱ्यात वारंवार उगवणारे इशारे बहुधा एखाद्या संकेतस्थळाला सूचना दाखवू देण्यासाठी कधीतरी 'अलाऊ' दाबल्याचे फळ. ती परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये काढता येते.

सीमाभागात घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड आणि धमकी येते इंग्रजीत. न समजलेल्या इंग्रजीचा धाक समजलेल्याहून मोठा, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. खानापुरात कोणी शेताचा उतारा, म्हणजे तिथली पहाणी, काढायला बसतो. 'भूमी' या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात एक अक्षर चुकते आणि लाल पान समोर येते. शेजारी वही घेऊन बसलेला पोरगा क्रमांक उतरवूनही घेतो. त्या वेळी मॉनिटरचे बटण दाबणे उपयोगाचे नाही. भोंगा चालूच राहतो.

संगणक दुसऱ्याच्या ताब्यात गेलाच असेल तर आधी इंटरनेटची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे, नंतर दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक लावावा. पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदलावेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून इथे मिनिटे मोजावी लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तोतयेगिरीने फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. राहणे निपाणीत, खाते कोल्हापुरात, अशा माणसाला हद्दीचे कारण सांगून परतवता येत नाही : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते.