त्र्यंबकचं पाणी गार, तानसाकाठचं ऊन

कसारा घाट उतरून वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणारी नाशिकची मंडळी पुष्कळ. १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. देवीचं दर्शन झालं की तानसा नदीकाठच्या ऊन पाण्याच्या कुंडात उतरायचं, हा तिथला रिवाज. आणि कुंडात उतरलेल्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातली धग केव्हाच निवाली. गंधकामुळे पाणी तापतं, ही समजूतही चुकीची आहे. कुंडाच्या पाण्याला येणारा गंधकासारखा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा, आणि हा वायू पाणी तापवत नाही.

कुंडात येतं ते मुळात पावसाचंच पाणी. जमिनीत खोल जावं तसं दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. या उष्णतेचा मोठा वाटा खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून येतो. पावसाचं पाणी २५ अंशांचं धरलं आणि झरा ५० अंशांचा असला, तर ते पाणी किमान किलोमीटरभर खोल जाऊन आलेलं असणार. प्रत्यक्षात त्याहून खोलच, कारण वर येताना ते निवतं आणि वाटेत गार पाणीही त्यात मिसळतं. भूवैज्ञानिक हे ओळखतात पाण्यात विरघळलेल्या सिलिकावरून, म्हणजे वाळूत असतो त्याच द्रव्यावरून. पाणी जितकं तापलेलं, तितका सिलिका त्यात जास्त विरघळतो. म्हणून वर आलेलं पाणी निवलं तरी खाली ते किती तापलं होतं, याचा अंदाज बांधता येतो. मला या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

कुंडाच्या तळाशी नीट पाहा. फटीतून बुडबुड्यांची माळ वर येत असते. पाणी उकळत नसतं, वायू सुटत असतो, आणि त्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. पावसाच्या थेंबांनी हवेतून घेतलेला हा वायू पाण्याबरोबर पाताळात जाऊन परत येतो.

मग आपल्या ब्रह्मगिरीचं पाणी गार का? खडक तर तोच. फरक आहे खोलीचा. त्र्यंबकला पाऊस कातळाच्या भेगांतून मुरतो, पण खाली घट्ट थर लागला की आडवा सरकून डोंगराच्या कुशीत बाहेर पडतो. तापायला त्याला सवडच मिळत नाही. घाटाखाली कोकणच्या पट्ट्यात मात्र कातळाचे थर पश्चिमेकडे कललेले आणि खोलवर तडकलेले आहेत. पाण्याला खाली उतरायला आणि दाबाने पुन्हा वर चढायला तिथे वाट मिळते. उत्तरेला, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवचा झरा आहे. रामाने बाण मारून तो काढला, असं तिथले लोक सांगतात. तिथेही जमिनीतल्या खोल भेगांचाच हात आहे.

ऊन पाण्यात आखडलेले सांधे मोकळे होतात, हे खरं. त्वचारोग मुळापासून जातो, याला मात्र पुरावा नाही. औषध बंद करून कुणी कुंडाच्या भरवशावर राहू नये. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

आणि कुंडं 'सुशोभित' करणाऱ्यांना कळकळीची विनंती: तळात सिमेंट ओतू नका. त्या बोटभर फटीच झऱ्याच्या वाटा आहेत. त्या बुजल्या की पाणी दुसरीकडे वळतं. जवळच खोल बोअर मारून उपसा केला, तर खालचा दाबही कमी होतो आणि झरा मंदावतो.