पॅकेज निवड (हौशी ऑपरेटिंग सिस्टिम)

ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा रिलीज काढताना त्यात कुठली सॉफ्टवेअर पॅकेजेस आधीच भरून द्यायची, कुठली नुसती रिपोमध्ये (मागाहून उतरवायच्या साठ्यात) ठेवायची आणि कुठली काढून टाकायची, हे ठरवायचं काम. हौशी सिस्टिम म्हणजे नोकरी-कॉलेज सांभाळून, बहुतांशी पगार न घेता बांधलेली. लिनक्सच्या छोट्या डिस्ट्रो (लिनक्सवर आधारलेले तयार संच), फ्रीडॉस आणि हायकू ही ठळक उदाहरणं. वापरणाऱ्याच्या हातात तयार आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-फाइल) पडते, त्यामागची यादी कुणी बघत नाही, पण सिस्टिम कुणाच्या उपयोगाची आहे ते त्या यादीतच ठरतं. मराठीसाठी लागणाऱ्या पॅकेजेसना या नोंदीत मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण एरवी तो भाग ‘भाषा सपोर्ट’ अशा दोन शब्दांत उरकला जातो.

उगम

यावर एकमत नाही. काही जण सुरुवात थेट १९५५ च्या ‘शेअर’ या आयबीएम वापरणाऱ्यांच्या गटापासून किंवा १९६१ च्या ‘डेकस’पासून धरतात, कारण तिथे सभासद एकमेकांना प्रोग्रॅम देत-घेत होते. पण ती देवघेव होती, निवडून-जुळवून बांधलेला संच नव्हता. १९७८ च्या सुरुवातीला बर्कलेहून बिल जॉयने पाठवायला घेतलेली पहिली बीएसडी (बर्कलेच्या सॉफ्टवेअरची) टेप जास्त जवळची वाटते, तिच्यात पास्कल कंपायलर आणि ‘एक्स’ (ex) हा एडिटर होता, तरी तीसुद्धा आधीच चालू असलेल्या युनिक्सवर टाकायची भर होती.

लिनक्सपुरतं बोलायचं तर कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) ०.०१ आवृत्ती सप्टेंबर १९९१ ची, आणि नुसतं कर्नल घेऊन कुणी काहीच करू शकत नव्हतं, कमांड घेणारं शेल पाहिजे, कंपायलर पाहिजे, फाइल कॉपी करायची साधी कमांड पाहिजे, म्हणून एच. जे. लू यांच्या बूट आणि रूट अशा दोन फ्लॉप्या फिरायला लागल्या. त्यांना डिस्ट्रो म्हणायचं का इथून वाद सुरू होतो. मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरच्या ओवेन ले ब्लँक यांनी केलेली ‘एमसीसी इंटरिम’ बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी १९९२ ची आणि म्हणून पहिली धरतात. पीटर मॅकडोनाल्ड यांच्या एसएलएसची तारीख मे ते ऑगस्ट १९९२ अशी हलते, पण तिच्यात ग्राफिक्ससाठी एक्स विंडो आणि नेटवर्कसाठी टीसीपी-आयपीसुद्धा होतं. ‘बसवता येईल असा पहिला संच कुठला’ असा प्रश्न असेल तर एमसीसीचा दावा मजबूत आहे. या नोंदीचा विषय मात्र निवड हा आहे, आणि वापरणाऱ्याला रोजच्या कामाला काय काय लागेल असा विचार करून भरलेला संच म्हणून एसएलएसकडे बघणं जास्त पटतं. तिच्यात बग भरपूर होते, आणि त्या वैतागातूनच १९९३ मध्ये दोन मोठी कामं उभी राहिली, जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी एसएलएस साफसूफ करून काढलेली स्लॅकवेअर आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी जाहीर केलेली डेबियन.

निवड लिहून ठेवायची पद्धत म्हणून स्लॅकवेअरकडे नीट बघायला हवं. तिथे फ्लॉप्यांच्या मालिका होत्या, ‘ए’ म्हणजे पाया, ‘डी’ म्हणजे प्रोग्रॅमिंग, ‘एन’ म्हणजे नेटवर्क, ‘एक्स’ म्हणजे ग्राफिक्स, ‘वाय’ म्हणजे गेम्स. ज्याला जे हवं त्याने तेवढ्याच फ्लॉप्या उतरवायच्या, कारण एकीत १.४४ एमबी मावायचं. प्रत्येक मालिकेबरोबर टॅगफाइल असते आणि तिच्यात एकेका पॅकेजपुढे चारपैकी एक खूण: घालाच, घाला असं सुचवतो, हवं तर घाला, सोडून द्या. आजच्या कुठल्याही छोट्या डिस्ट्रोची यादी उघडा, भाषा बदललेली दिसेल पण खुणा याच चार आहेत.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही व्हीएसएनएलच्या डायल-अपवर, त्यामुळे ठाण्या-मुंबईच्या पहिल्या पिढीने लिनक्स पाहिलं ते बहुतेक कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर. रिपोमधून मागाहून उतरवू ही सोयच नव्हती, जे सीडीवर नाही ते नाहीच.

जागा

सीडीची ७०० एमबीची मर्यादा बरीच वर्षं खरी निवड समिती होती. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने माल दाबून भरून एका सीडीत सुमारे २ जीबीचं सॉफ्टवेअर बसवलं. उबुंटूने ऑक्टोबर २००४ मध्ये एका कामाला एकच प्रोग्रॅम असा नियम धरून एका सीडीत सगळं आणलं, आणि त्याच हिशेबात एप्रिल २०१० च्या रिलीजमधून गिंप (चित्रांचा एडिटर) बाहेर गेलं, तेव्हा बरीच आरडाओरड झाली. डॅम स्मॉल लिनक्सने ५० एमबीची अट स्वतःहून घालून घेतली होती. २०२४ मध्ये ती परत आली तेव्हा मर्यादा ७०० एमबी झाली होती, कारण ब्राउझर एवढे फुगलेत की त्याखाली धड काही बसत नाही.

पेनड्राइव्ह आले आणि मर्यादा गेली असं वाटतं, पण ती नुसती सरकली. आयएसओ ४ जीबीच्या वर गेली तर फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही. डिपेंडन्सीचं तर वेगळंच, एक पॅकेज बोलावलं की त्याचा गोतावळा मागोमाग हजर. डेबियनमध्ये २००९ च्या लेनी या रिलीजपासून ‘रेकमेंड्स’ (सोबत असावीत अशी शिफारस) म्हणून लिहिलेली पॅकेजेससुद्धा आपोआप येतात, म्हणून छोट्या डिस्ट्रोवाले ते पहिल्यांदा बंद करतात, आणि मग चार दिवसांनी कुणीतरी विचारतं की आवाज का येत नाही. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, तरी रेकमेंड्स चालू ठेवून नको ते नाव घेऊन वगळणं जास्त सुरक्षित, कारण काय वगळलं ते यादीत दिसतं.

लायसन्स आणि सांभाळणारा माणूस

डेबियनने जुलै १९९७ मध्ये सोशल कॉन्ट्रॅक्ट आणि त्याबरोबर मुक्त सॉफ्टवेअरच्या अटी मंजूर केल्या, आज बहुतेक हौशी प्रकल्प त्यांच्याच आधाराने काय घ्यायचं ते ठरवतात. अडतं ते फर्मवेअरपाशी, म्हणजे हार्डवेअर चालायला त्यात भरावं लागणारं, बहुधा मालकीचं सॉफ्टवेअर. वायफाय चालायला फर्मवेअर पाहिजे आणि फर्मवेअर उतरवायला वायफाय पाहिजे, या कोंडीत किती लोकांनी पहिल्याच दिवशी लिनक्स सोडलं असेल सांगता येत नाही. २०२२ च्या मतदानानंतर डेबियनने ते इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं आणि जून २०२३ च्या बुकवर्म या रिलीजमध्ये ते आलं. तत्त्व म्हणून खटकणारं असलं तरी हा निर्णय योग्य होता.

फ्रीडॉसची कसोटी सरळ आहे. जिम हॉल यांनी जून १९९४ मध्ये तो प्रकल्प जाहीर केला, १.० यायला सप्टेंबर २००६ उजाडलं आणि १.४ एप्रिल २०२५ मध्ये आली. एमएस-डॉसमध्ये जे होतं त्याची जागा घेणारं ते ‘बेस’, बाकीचं सगळं वरची भर. आपल्याकडे जुन्या दुकानदारांना आणि छोट्या ऑफिसांना डॉसवर हवं असतं ते टॅली ४.५ किंवा फॉक्सप्रो, आणि ते मालकीचं सॉफ्टवेअर असल्याने टाकता येत नाही, तेव्हा निवडणाऱ्याच्या हातात एवढंच राहतं की ते चालेल असा पाया नीट द्यायचा, म्हणजे मेमरी मॅनेजर, प्रिंटर पोर्ट आणि फाइल लॉकिंगचं ‘शेअर’ धडपणे चालेल ते बघायचं.

पॅकेज किती लोकप्रिय आहे यापेक्षा पुढच्या रिलीजपर्यंत त्याच्याकडे कोण बघणार हा प्रश्न आधी विचारायला हवा. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा सपोर्ट संपला तेव्हा चांगली चालणारी कितीतरी छोटी पॅकेजेस केवळ ती पायथन ३ वर न्यायला माणूस नाही म्हणून गळाली. कुठलं पॅकेज किती जण वापरतात हे सांगणारा डेबियनचा पॉपकॉनसारखा आकडा मदतीला असतो, पण त्यात ज्यांनी स्वतःहून तो चालू केलाय तेच मोजले जातात.

मराठीसाठी लागणारी पॅकेजेस

पाच गोष्टी लागतात: फॉन्ट, अक्षरं जोडणारं इंजिन, लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग), कीबोर्ड आणि शब्द तपासणारा कोश. इंजिन म्हणजे हार्फबझ, ते डेस्कटॉपबरोबर येतंच. बाकीच्यांवर कात्री चालते आणि तीही जागेच्या नावाखाली, हे पटत नाही, कारण लोहित देवनागरीसारखा फॉन्ट काही शे केबीत बसतो आणि त्याच यादीत लिबरऑफिस शेकडो एमबी खात असतं.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द पडद्यावर वेगळे दिसले पाहिजेत. पहिल्यात रफार य च्या डोक्यावर जातो, दुसऱ्यात र आडवा होऊन य ला चिकटतो. युनिकोडमध्ये हा आडवा र लिहायच्या दोन रीती आहेत: एक ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त देऊन, ही इस्की या जुन्या भारतीय अक्षर-संकेतावरून आलेली, दुसरी साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर देऊन, ही युनिकोड २.० शी जुळतं राहावं म्हणून ठेवलेली. फॉन्ट निवडताना दोन्ही तपासायच्या, कारण लोकांच्या जुन्या फायलींत दोन्ही सापडतात. एखाद्या फॉन्टमध्ये पहिली बरोबर येते आणि दुसरीत रफार वर उडून जातो, म्हणजे खोल दऱ्यांचा समुद्र होतो. ठाणेकराला तपासायला ‘तुर्भे’ आणि ‘खाडीकिनाऱ्यावर’ एवढं टाइप केलं तरी पुरतं, एकात रफार, दुसऱ्यात आडवा र.

दुसरी गोष्ट ल आणि श ची. महाराष्ट्र सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवलेत. लोहित आणि नोटो या दोन्ही फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं आहेत, पण हा मजकूर मराठी आहे असं सिस्टिमने सांगितलं तरच ती बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं. म्हणजे मराठी लोकेल काढून टाकलं की फॉन्ट असूनही उपयोग अर्धाच. हा संबंध यादी बनवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, ते फॉन्ट ठेवतात आणि लोकेल छाटतात.

डेबियनमध्ये मराठीचा वेगळा टास्क (पॅकेजेसचा गट) आहे, इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली की ही पॅकेजेस येतात. एक मत असं की एवढं पुरे, सगळ्यांवर कशाला लादायचं. पण आपल्याकडे बहुतेक जण इन्स्टॉल करताना इंग्रजीच निवडतात आणि मराठी नंतर वाचतात-लिहितात, त्यांच्यापर्यंत तो टास्क पोचतच नाही. म्हणून महाराष्ट्रासाठी काढलेल्या रिलीजमध्ये फॉन्ट आणि लोकेल पायातच असावेत हे मत जास्त ग्राह्य. कीबोर्डचं त्यामानाने सोपं, इन्स्क्रिप्ट आणि कागप ही मांडणी कीबोर्डच्या मूळ पॅकेजातच असते, मोबाइलसारखं रोमनमधून टाइप करायचं असेल तरच आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस लागतात. मोडीसाठी नोटोचा फॉन्ट आहे, लिपी युनिकोडमध्ये २०१४ ला आली.

ठाणे आणि नवी मुंबई

इथे हे काम बहुतेक कॉलेजच्या हॉस्टेलवर किंवा घरी चालतं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं केंद्र खारघरला असल्याने बॉस लिनक्स (त्यांचीच डिस्ट्रो) इथलंच असं समजतात, पण ते चेन्नईला झालं, आणि सरकारी असल्याने या नोंदीत बसत नाही. महापे-ऐरोलीच्या ऑफिसांतून निघालेले ४ जीबी रॅमचे जुने पीसी हातात पडतात, ते क्लासला किंवा शाळेला द्यायचे असतात, म्हणून डेस्कटॉप हलका, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी, आणि सी शिकणाऱ्या मुलांसाठी डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं डॉसबॉक्स, कारण डॉसवरच्या टर्बो सी ची सवय अजून गेलेली नाही.

प्रिंटरचा मुद्दा इथे नेहमी निघतो. झेरॉक्सच्या दुकानापासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत दिसणारा एचपी लेझरजेट १०२० चालू केला की दर वेळी त्याला कॉम्प्युटरकडून फर्मवेअर भरून घ्यावं लागतं. एचपीलिप हे एचपीचे प्रिंटर चालवणारं पॅकेज मुक्त आहे, पण या मॉडेलला लागणारा प्लगइन मालकीचा, वेगळा उतरवायचा. त्यामुळे आयएसओमध्ये एचपीलिप द्यायचं आणि डेस्कटॉपवर मराठीत चिठ्ठी ठेवायची की नेट लावून ‘एचपी-प्लगइन’ ही कमांड एकदा चालवा, एवढंच नियमात राहून करता येतं.