बायकांचा आवाज रेडिओला चालत नाही?

‘बायकांचा आवाज मुळातच कर्कश, म्हणून बातम्या, कलासमीक्षा असे गंभीर विषय रेडिओवर पुरुषांनीच मांडावेत.’ ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवरही हे फिरतं. समज रेडिओइतकाच जुना आहे आणि जुन्या संचावर ऐकणाऱ्यांना तसं वाटणं स्वाभाविकच होतं.

पण दोष गळ्याचा नव्हता. बोलताना बाईची मूळ पट्टी साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं), पुरुषाची ८५ ते १५५. रेडिओ दोन्ही आरामात पोचवतो. अडतं ते ‘स’, ‘श’पाशी. त्यांची धार ४००० हर्ट्झच्या वर जाते, बायकांच्या उच्चारात आणखी वर. मीडियम वेव्हवर, म्हणजे एफएमच्या आधीच्या जुन्या रेडिओ-पट्ट्यावर, आपल्याकडे शेजारच्या दोन केंद्रांच्या लहरींत ९ किलोहर्ट्झचं (९००० हर्ट्झचं) अंतर; आवाजाला त्याच्या निम्मीच जागा मिळते, त्यामुळे साडेचार हजारांच्या पुढचं फारसं पोचतच नाही. आता चित्र न दाखवता चित्रावर बोलणारी समीक्षक आठवा: सावली, रेषा, आकाश, स्पर्श. नेमके हेच शब्द पुसट व्हायचे. माझ्या मते हा रेडिओवर बोलणाऱ्या बायकांच्या पहिल्या पिढीवरचा मोठा अन्याय होता.

पडताळा घरी घेता येतो. आवाजाचा आलेख दाखवणारं फुकट ॲप मोबाइलवर घ्या, घरातल्या बाई-पुरुषांना आधी ‘आ’, मग लांबवून ‘स’ म्हणायला सांगा आणि साडेचार हजारांच्या वर किती उरतं ते पाहा. मग निवेदिकेला मीडियम वेव्हवर ऐका, नंतर एफएमवर. तिथे १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. ठाणे स्टेशनात संध्याकाळच्या गर्दीतही लोकलची सूचना बाईंच्याच आवाजात कळते.