दार एस सलाम : रस्त्यांची जोडणी व शहराचा पसारा

टांझानियातील सर्वांत मोठे शहर आणि हिंदी महासागरावरील बंदर. १९६७ साली लोकसंख्या सुमारे पावणेतीन लाख. २०२२ च्या जनगणनेत सुमारे ५४ लाख. बागामोयो, मोरोगोरो, पुगू (आता न्येरेरे) व किल्वा या चार रस्त्यांच्या कडेने वस्ती हाताच्या बोटांसारखी पसरली. बोटांमधल्या जागाही पुढे भरल्या, मात्र त्यांना जोडणारे आडवे रस्ते त्या मानाने फार थोडे झाले. पावसाळ्यात म्सिंबाझी नदीला पूर येऊन जांगवानीपाशी मोरोगोरो रस्ता बंद पडला, की या उणिवेची झळ साऱ्या शहराला बसते.

जोडणी मोजताना दर चौरस किलोमीटरला किती चौक आहेत, हे पाहतात. पण नुसती ही मोजणी येथे फसवी ठरते. मांझेसे किंवा तांदाले वस्तीत पायवाटांचे दाट जाळे आहे. चालणारा कोठूनही कोठे पोहोचतो. अग्निशमन बंब आणि शौचखड्डे उपसणारा टँकर मात्र कितीतरी घरांपर्यंत जाऊ शकत नाही. शहरातील बहुसंख्य लोक अशाच, आराखड्याबाहेर वाढलेल्या वस्त्यांत राहतात. शेतजमिनीचे तुकडे पडत गेले, घरे उठली आणि मधे उरली ती वाट झाली. रस्त्यासाठी जागा सोडायची कोणी, हे ठरलेच नव्हते.

याच शहरात उलटा क्रमही घडला आहे, आणि तो अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने सिंझा, किजिटोन्यामा इत्यादी ठिकाणी आधी रस्ते व भूखंड आखले. घरे लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांधली. पुढे घरे बदलली, मजले चढले, रस्त्यांची आखणी मात्र टिकली. त्याहून जुन्या कारियाकू भागातही चौकटीची आखणी आजवर ओळखू येते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिशांच्या हमाल दलाच्या, म्हणजे कॅरियर कोअरच्या, तळावरून त्या भागाचे नाव पडले.

२०१६ मध्ये सुरू झालेली जलद बससेवा प्रथम मुख्यतः मोरोगोरो रस्त्यावर धावली. थांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेसाठी अनेकांना बोडाबोडा (भाड्याची मोटारसायकल) किंवा ‘बजाजी’ घ्यावी लागते. तीनचाकी रिक्षाचे हे स्वाहिली नाव पुण्याच्या बजाज कंपनीवरून रूढ झाले.