बँड नागपुरात उतरतो आणि रात्रीच निघून जातो

रॉक बँडचा दौरा म्हटलं की डोळ्यांसमोर झोपायच्या बर्थ असलेली लांबलचक बस येते. रोज नवं गाव, रोज नवा स्टेज. हे चित्र अमेरिका-युरोपातलं आहे. तिथे दोन-चार तासांवर पुढचं शहर असतं, त्या शहरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी क्लब असतो, आणि बसचं भाडं रोजच्या रोज वसूल होतं. आता नागपूरचा हिशेब बघा. रेल्वेने मुंबई ८३७ किलोमीटर, हावडा अकराशेच्या वर, दिल्ली हजाराच्या पुढे. हैदराबाद त्यातल्या त्यात जवळ, तेही पाचशेच्या वर. देशाच्या मधोमध असणं म्हणजे सगळ्यांपासून सारखंच लांब असणं. नागपुरात बँड कसे आले, कसे राहिले आणि का टिकले नाहीत, हे या अंतरावरूनच कळतं.

१८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदू लागले. म्हणजे देशातला बहुतेक प्रत्येक फिरता कलाकार कधी ना कधी नागपूर स्टेशनवर असणारच, फक्त गाडी बदलायला किंवा खिडकीतून संत्री घ्यायला.

भारतातलं रॉक वाढलं ते महानगरांत. १९७० आणि १९७१ मध्ये एका सिगारेटच्या ब्रँडने भरवलेली 'सिमला बीट' स्पर्धा, १९८४ चा मुंबईचा बँड 'रॉक मशीन' (१९९३ पासून 'इंडस क्रीड'), १९८६ पासूनचा 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव, १९९० चा दिल्लीचा बँड 'इंडियन ओशन', १९९१ चा 'परिक्रमा'. या बँडना गावोगाव फिरवलं ते कॉलेजच्या फेस्टने. देशात क्लबची साखळी नव्हती, तिकीट काढून येणारे कमी होते. स्पॉन्सर मिळवून, फुकट पास वाटून पाच हजार पोरं मैदानात जमवण्याची ताकद फक्त इंजिनिअरिंग कॉलेजांत होती. नागपुरात त्यासाठी १९६० साली सुरू झालेलं व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज होतं, जे २००२ मध्ये एनआयटी झालं आणि आज सगळे व्हीएनआयटी म्हणतात. फेस्टचा पैसा चांगला, पण एकाच रात्रीचा. पुढचा कार्यक्रम कानपूरला नाहीतर सुरतकलला. याला दौरा कसं म्हणायचं? ही एकेका कार्यक्रमाची सुपारी, मधे दोन-दोन रात्री रेल्वेत.

आणि त्या रात्री कशा! गिटार वरच्या बर्थवर माणसाच्या शेजारी झोपते, खाली ठेवली तर कोणीतरी तिच्यावर पाय देऊन चढतं. की-बोर्ड सीटखाली जात नाही, म्हणून दाराजवळ उभा, आणि त्याच्याजवळ आळीपाळीने एक जण जागा. अख्खा ड्रमसेट बहुतेक कोणी आणतच नाही. तो साउंडवाल्याकडून भाड्याने. ड्रमर आपल्यासोबत झांजांची पिशवी, स्नेअर हा छोटा ड्रम आणि पायाचं पेडल एवढंच घेऊन फिरतो, आणि ती पिशवी इतकी जड असते की हमाल उचलल्याबरोबर विचारतो, यात काय भरलंय. एसी डब्यातून बाहेर नागपूरच्या मे महिन्यात पाय ठेवला की गिटारचा सूर उतरलाच, कारण तार तापली की सैल होते. जानेवारीच्या उघड्या मैदानात उलटं: रात्री दहा-बारा अंशांवर तार आखडते आणि सूर चढतो. दोन गाण्यांच्या मधे गिटारवाला खुंट्या पिळत बसलेला दिसतो तो नखरा नव्हे.

खरा प्रश्न अर्थिंगचा. एका कॉलेजच्या मैदानावर मी साउंडवाल्यांच्या हाताखाली केबल गुंडाळायच्या कामाला होतो. संध्याकाळी साउंडचेकला गायक-गिटारवाला माइकजवळ आला, ओठ माइकला लागला आणि तो 'आई गं' करून मागे उडाला. माइक जोडलेला मिक्सर एका लाइनवर होता, गिटारचा अ‍ॅम्प दुसऱ्या. दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की तारांवर हात आणि माइकवर ओठ ठेवणारा माणूस मधली वायर होतो. आमच्या साउंडवाल्या दादांनी टेस्टर काढला, एकदा तारेला लावला, एकदा माइकच्या जाळीला, आणि म्हणाले, "थांब ना बाप्पा, अर्थिंग देऊन राहिलो." स्टेजमागे लोखंडी सळई मातीत ठोकली, बादलीभर मिठाचं पाणी ओतलं, दोन्ही सप्लाय एकाच बोर्डावर घेतले. पाऊण तास गेला. स्पीकरमधली ती 'हम्मऽऽ' अशी घरघर थांबली तेव्हा बँडचे चेहरे पाहण्यासारखे होते. कार्यक्रमातली चार गाणी मात्र कापली गेली, कारण दहाला बंद.

दहाचा हा नियम २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. बंद सभागृहाला सूट, आणि वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. त्यामुळे उघड्या मैदानावरचा बँड साताला चढतो आणि रंगात येतो तेव्हा घड्याळाकडे बघू लागतो.

डिसेंबरची भानगड वेगळीच. हवा सुंदर, मैदानं कोरडी, पण त्याच महिन्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराची ही देणगी. हॉटेलात खोली मिळत नाही, मिळाली तर भाव ऐकून बँडचा मॅनेजर फोन ठेवतो, आणि पोलीस बंदोबस्त सगळा मोर्च्यांकडे. म्हणून बँड जानेवारी-फेब्रुवारीकडे सरकतात.

नागपूरकरांना फिरतीची कला नवी होती असं मात्र कोणी समजू नये. शहराच्या आग्नेयेला तीन-साडेतीन तासांवर वडसा आहे. झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांचं ते मुख्य ठाणं. दिवाळीनंतर मंडळी निघते ती होळीच्या सुमारापर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाची गावं पालथी घालते. गावात शंकरपट असतो, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या रात्री नाटक हवंच. पडदा उघडतो उशिरा, संपतो पहाटे. वादक तिथेच प्रत्यक्ष वाजवणारे. उजाडता-उजाडता सामान गाडीत, दिवसा झोप, संध्याकाळी पुढचं गाव. रॉकवाले ज्याला टूर म्हणतात ती हीच. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ही साखळी चालते, कारण गावं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, तारखा ठरलेल्या आहेत आणि प्रेक्षक तिकीट काढतो. बँडला यातलं काहीच मिळालं नाही.

शहरातही तसंच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अशोक विजयादशमी आणि १४ एप्रिल या दोन तारखा भीमगीतांच्या गायन पार्ट्यांसाठी वर्षाच्या खुंट्याच झाल्या. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखे शाहीर आयुष्यभर गावोगाव फिरले. कव्वालीचे मुकाबले वस्त्यावस्त्यांत रंगत. आज त्याच मिरवणुकांत गाडीवर चढवलेला धुमाल वाजतो, की-बोर्ड, बेंजो, ऑक्टोपॅडसकट. माझं मत विचाराल तर नागपूरचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा इलेक्ट्रिक बँड तोच.

आता रस्ता बदलला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला. सोळा तासांची मुंबई आठ तासांवर आल्याचं सांगतात. पुण्या-मुंबईचे बँड आता ट्रॅव्हलर गाडी करून येतात, ड्रमसेटही स्वतःचा आणतात. पण मधे वाशीम, जालना या गावांत थांबून वाजवावं असा स्टेज अजून कोणी उभारलेला नाही, त्यामुळे सुपारी एकाच रात्रीची राहिली.

पूर्वी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी असायची. सकाळी बँडची पोरं डोळे चोळत तर्री पोह्यांच्या गाड्यावर दिसायची, केस विस्कटलेले, एकाच्या पाठीवर गिटार, आणि पोहेवाला त्यांना तर्री जरा कमीच घालायचा. आता दहाला माइक बंद, अकरापर्यंत गाडी भरली, आणि सूर्य उगवतो तेव्हा ते शिर्डीच्या आसपास चहा पीत असतात.