ख्रिस्ती प्रार्थनेतील विश्वास

विश्वासाने केलेली प्रार्थना देव ऐकतो, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत शिकवण आहे. विश्वास किती हवा, तो कशावर हवा आणि मागितलेले मिळाले नाही तर दोष कोणाचा, या प्रश्नांवर मात्र मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) एकमत नाही. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे उत्तर नागपुरातल्या घरगुती प्रार्थनासभांतही सहज दिले जाते. बायबलमध्ये त्याला आधार थोडा आहे, विरोध पुष्कळ.

शास्त्राधार

या विषयावर सर्वांत जास्त सांगितले जाणारे वचन म्हणजे मार्क ११:२४. प्रार्थनेत जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते तुम्हाला मिळेल, असे येशू शिष्यांना सांगतो. कॅलेंडरवर आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये हे एकच वचन असते. त्याच्या मागचे-पुढचे गळते. २२ व्या वचनात देवावर विश्वास ठेवायला सांगितले आहे, म्हणजे भरवसा देवावर ठेवायचा, मागितलेल्या वस्तूवर नव्हे. २५ व्या वचनात प्रार्थनेला उभे राहताना कोणाविरुद्ध मनात काही असेल तर आधी क्षमा करा, असे बजावले आहे. तीन वचने सलग वाचली की अर्थ बराच बदलतो.

याकोबाच्या पत्रात (१:६-८) संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा दिली आहे आणि त्याने काही मिळण्याची अपेक्षा ठेवू नये असेही म्हटले आहे. हे वचन कठोर आहे, पण तिथला विषय ज्ञान मागण्याचा आहे आणि दोष द्विधा निष्ठेचा. मनात भीती आली, रडू आले, खात्री वाटेना, त्याला हे वचन लागू करणे चुकीचे. मार्क ९:२४ मधल्या आजारी मुलाच्या बापाने तर येशूच्या तोंडावर कबूल केले की आपला विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, तो अविश्वास घालवून टाका. त्याचा मुलगा बरा झाला. आमचा विश्वास वाढवा असे शिष्यांनी म्हटल्यावर येशूने मोहरीच्या दाण्याएवढा पुरेल असे सांगितले (लूक १७:५-६).

विश्वास नेहमी मागणाऱ्याचाच असतो असेही नाही. छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडणाऱ्या चौघांचा विश्वास पाहून येशू बोलला (मार्क २:५). नाईन गावच्या विधवेने काही मागितलेच नव्हते, तरी तिचा मेलेला मुलगा उठला (लूक ७:११-१५). सर्वांत बोलका प्रसंग प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये आहे. पेत्र तुरुंगात असताना मंडळी कळकळीने त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. तो सुटून दारात उभा राहिला तेव्हा रुदा नावाच्या मुलीने आत येऊन सांगितले, तर त्यांनी तिलाच वेड्यात काढले. स्वतः मागितलेले मिळाले यावर मागणाऱ्यांचा विश्वास बसेना, आणि पेत्र दार ठोठावतच राहिला. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूला थोड्याच रोग्यांना बरे करता आले (मार्क ६:५-६). तिथे मात्र प्रश्न दुबळ्या विश्वासाचा नव्हता, सरळ नाकारण्याचा होता.

मागितलेले न मिळणे

गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळो अशी विनंती केली आणि लगेच पित्याच्या इच्छेप्रमाणे होवो म्हटले (मत्तय २६:३९). प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:७-९). दाविदाने सात दिवस उपवास करूनही त्याचे मूल गेले (२ शमुवेल १२). इब्री ११ मध्ये विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आणि विश्वासानेच करवतीने चिरले गेलेले एकाच यादीत आहेत. ‘विश्वास होता म्हणून वाचले’ असे म्हणायचे असेल तर ‘विश्वास होता तरी मेले’ हेही त्याच अध्यायातून म्हणावे लागते. भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या तिघा यहुदी तरुणांचे बोलणे या विषयाचा कणा आहे: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही (दानीएल ३:१७-१८).

नवस आणि प्रार्थना

टेकडीच्या गणपतीला किंवा ताजबागच्या दर्ग्याला बोललेला नवस नागपूरकराला ठाऊक असतो. इच्छा पूर्ण झाली की तो फेडायचा. बायबलला नवस परका नाही, हन्नाने पुत्रासाठी केलेला नवस प्रसिद्ध आहे (१ शमुवेल १:११), आणि कॅथोलिक कुटुंबे तमिळनाडूतल्या वेलंकणीच्या मरियेला मेणबत्ती किंवा यात्रेचा संकल्प करतात. अडचण तिथे नाही. विश्वासच नवसाच्या जागी ठेवला जातो तेव्हा ती सुरू होते: मी इतका विश्वास धरला, आता देवाने दिलेच पाहिजे. वरून धार्मिक दिसणारा हा हिशेब मुळात सौद्याचा आहे, आणि नवस बोलणारा निदान सौदा उघडपणे करतो.

परंपरांतील भूमिका

मध्ययुगीन कॅथोलिक धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांच्या मते प्रार्थनेने देवाचा बेत बदलत नाही. प्रार्थनेद्वारेच द्यायचे असे देवाने जे ठरवले आहे ते मागून घेतले जाते. खात्रीने फळणाऱ्या प्रार्थनेसाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: ती स्वतःसाठी असावी, तारणाला (आत्म्याच्या मुक्तीला) आवश्यक गोष्टीसाठी असावी, भक्तीने आणि चिकाटीने केलेली असावी. नोकरी, लग्न, परीक्षेचा निकाल यांची हमी या चौकटीत बसत नाही. प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विन (१५०९–१५६४) यांनी प्रार्थनेला विश्वासाचा मुख्य व्यायाम म्हटले, म्हणजे विश्वास आधी पूर्ण साठवायचा आणि मग मागायचे असे नाही, मागतामागताच तो वाढतो. अमेरिकेत ई. डब्ल्यू. केनियन (१८६७–१९४८) आणि पुढे केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांच्या शिकवणीतून आलेला प्रवाह तोंडाने कबूल केलेले मिळतेच असे मानतो. आजार दिसत असतानाही ‘मी बरा झालो’ म्हणत राहण्याची पद्धत त्यातलीच. पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आणि हा प्रवाह एकच समजणे योग्य नाही. अनेक पेंटेकॉस्टल पाळक त्याचे कडक टीकाकार आहेत.

नागपुरातील रीत

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. त्यामुळे इथल्या सीएनआय मंडळीत दोन सवयी शेजारी शेजारी दिसतात: सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमागची अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) परंपरा छापील उपासनाक्रमाची, तर १८४० च्या दशकात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनची परंपरा उत्स्फूर्त प्रार्थनेची. छापील प्रार्थना विश्वासाशिवाय म्हणता येते हा आक्षेप खरा आहे, पण उत्स्फूर्त प्रार्थनाही पाठ झालेली असू शकते. मराठी सभांमध्ये ना. वा. टिळकांची पदे गायली जातात. कॅथोलिकांत जपमाळ आणि नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना चालते.

घरगुती सभा साधारण तासाभराची असते: दोन गीते, स्तोत्र, पापकबुली, वचन, मग प्रार्थना विषय गोळा करणे, मध्यस्थी (इतरांसाठी प्रार्थना), शेवटी प्रभूची प्रार्थना आणि चहा. विषय गोळा करताना वेळ जातो आणि प्रत्यक्ष प्रार्थनेला पाच मिनिटे उरतात, ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने विषय एका वाक्यात सांगणे. वाक्य नेमके हवे. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ या मागण्याचे उत्तर आले की नाही हे कधीच कळत नाही. येशूनेही आंधळ्या बार्तिमयाला तुला काय हवे आहे हे स्पष्ट विचारले होते (मार्क १०:५१). अनेक गट वही ठेवतात: तारीख, मागणे आणि पुढे मोकळा रकाना. रकान्यात ‘मिळाले’ सोबत ‘नाही’ आणि ‘वेगळे मिळाले’ हेही लिहिले तरच वहीचा उपयोग. फक्त भरलेले रकाने वाचून दाखवणारी वही फसवी होते. व्हॉट्सअॅप गटावर कोणाच्या आजाराचे नाव टाकण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. प्रार्थना विषय म्हणून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झालेली असते.

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि त्याच्या अखेरीस नागपूरचे ऊन चांगलेच तापलेले असते. कॅथोलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दिवशी १८ ते ५९ वयाच्या निरोगी व्यक्तीने एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडे खाणे अपेक्षित आहे. पाणी वर्ज्य नाही. बाकी मंडळ्यांत उत्साहाने निर्जल उपवास धरले जातात. इथल्या उन्हात बाहेर काम करणाऱ्याने ते करू नये, आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणताच उपवास धरू नये. उपवासाने देवावर दडपण येते ही समजूत यशया ५८ नेच खोडली आहे.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना

आधार याकोब ५:१४-१६: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना) बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. इथे विश्वासाची जबाबदारी अंथरुणावरच्या माणसावर कमी आणि बोलावलेल्या वडिलांवर जास्त टाकली आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कॅथोलिक विधीत पुरोहित कपाळाला आणि दोन्ही तळहातांना बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल लावतो. हा संस्कार मरणाऱ्यांचाच, ही समजूत जुनी आणि चुकीची. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो घेता येतो.

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात भेट पाच मिनिटांची पुरे. रुग्णाची परवानगी घ्यावी, आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ देऊ नये, जखमेवर तेल लावू नये, अतिदक्षता विभागात परिचारिकेला आधी विचारावे. ‘विश्वास ठेव, बरा होशील’ याऐवजी ‘आम्ही तुझ्यासाठी विश्वास धरतो’ म्हटले तर रुग्णावरचा भार कमी होतो.

औषध थांबवणे ही सर्वांत घातक चूक. क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडल्यास औषधांना न जुमानणारा क्षय होऊ शकतो. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्यास झटके न थांबण्याचा धोका असतो. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन तोडले तर काही दिवसांत जीवावर बेतते. ज्या मिशनांनी इथे प्रार्थना शिकवली त्यांनीच दवाखानेही उघडले, सीताबर्डीचे म्यूर मेमोरियल रुग्णालय हे त्याचे जवळचे उदाहरण. तेव्हा औषध घेणे म्हणजे अविश्वास, हे म्हणणे इथल्या ख्रिस्ती इतिहासाशीच जुळत नाही.

पडताळणी आणि साक्ष

२००६ मध्ये अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत, प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के जणांना गुंतागुंत झाली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे नक्की माहीत असलेल्यांत हे प्रमाण ५९ टक्के निघाले. देवाची परीक्षा पाहू नये (मत्तय ४:७) असे म्हणून अनेक धर्मशास्त्रज्ञ अशा प्रयोगांना अर्थच देत नाहीत. हा बचाव टिकतो, पण मग वेगळा एखादा अभ्यास अनुकूल निघाला तर तो व्यासपीठावरून सांगण्याचा हक्कही राहत नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८५८ पासून आलेल्या हजारो दाव्यांपैकी कॅथोलिक चर्चने सत्तरच्या आसपासच चमत्कार मानले, कारण आजार गंभीर, बरे होणे तात्काळ, पूर्ण आणि टिकाऊ असावे लागते.

मंडळीत साक्ष देताना (देवाने काय केले हे सर्वांसमोर सांगताना) यातले निम्मे जरी पाळले तरी पुष्कळ. निदान कोणी केले, उपचार कोणते चालू होते, पुन्हा तपासणी झाली का, हे साक्षीतच सांगावे आणि किमान एक फेरतपासणी होईपर्यंत आजाराविषयीची साक्ष लांबवावी. उपकारस्तुती त्याच दिवशी करता येते, तिला अहवाल लागत नाही.